कानावर पडलेली गाणी

मागच्या कोजागिरीला आपल्या मंडळाचा दुधाचा कार्यक्रम आटोपला. मी चपला शोधत होतो, तेवढ्यात आमच्या गल्लीतला एक मुलगा जवळ आला. वय चोवीस, पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी, चार दिवसांच्या सुट्टीवर आलेला. म्हणाला, "काका, तुमच्याकडे जुन्या मराठी गाण्यांच्या कॅसेटी आहेत म्हणे. ऐकायला मिळतील का?" मला हसू आलं. हाच मुलगा दहावीत असताना त्याच्या आजोबांनी सुधीर फडके लावले की खोलीचं दार आपटून घ्यायचा. आजोबा आता नाहीत. मी विचारलं, "एकदम कशी आठवण झाली रे?" तर म्हणतो, "पुण्यात एका चहाच्या टपरीवर गाणं लागलं होतं. मला पूर्ण पाठ होतं. मी तर ते कधी ऐकलंच नव्हतं, मग पाठ कसं?"

हाच प्रश्न मला बेचाळीस वर्षांपूर्वी पडला होता. तेव्हा उत्तर शोधायला वेळ नव्हता, बँकेची नोकरी नवीन होती. निवृत्तीनंतर थोडं वाचन झालं, थोडा विचार झाला. त्या मुलाला रस्त्यात उभं राहून जे सांगता आलं नाही ते इथे सविस्तर लिहितो आहे.

सुरुवात बोरगावपासून करावी लागेल. माझ्या लहानपणी इथे कारखाने नव्हते. कापूस, ज्वारी आणि संत्र्याच्या बागा, एवढाच कारभार. घरी रेडिओ आला 1967 च्या सुमाराला. तीन बँडचा ट्रान्झिस्टर, कातडी कव्हरमधला. त्याचं लायसन्स असायचं, पोस्टात जाऊन दरवर्षी पैसे भरावे लागत. आजच्या मुलांना हे सांगितलं की त्यांना मी थट्टा करतो असं वाटतं. सेल महाग, म्हणून आवाज मंदावला की बाबा ते काढून दुपारभर उन्हात ठेवायचे आणि मग आणखी दोन-तीन दिवस ढकलायचे.

त्या रेडिओवर दोन जगं होती. एक नागपूर आणि एक सिलोन.

नागपूर आम्हाला का लागायचं, याला इतिहास आहे. आकाशवाणीचं नागपूर केंद्र सुरू झालं जुलै 1948 मध्ये. तेव्हा नागपूर ही मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती आणि छिंदवाडा जिल्हा त्याच प्रांतात होता. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची फेररचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आपण भोपाळकडे आलो. कागदावर सीमा पडली, पण मीडियम वेव्हला ती कुठे माहीत होती? साठ-सत्तर किलोमीटरवरचं नागपूर आमच्या स्वयंपाकघरात तसंच खणखणीत लागत राहिलं. सौंसर, पांढुर्णा या पट्ट्यातल्या आपल्या लोकांची मराठी शाबूत राहिली, याची कारणं बरीच आहेत. देवळातली भजनं, सोयरीक, काटोल-सावनेरचं येणंजाणं. पण त्यात या रेडिओचं नाव फारसं कोणी घेत नाही. माझ्या मते ते वरच्या तिनांत यायला हवं.

आई काटोलकडची. सकाळी भाकरी थापताना आणि संध्याकाळी दिवाबत्तीनंतर तिचं नागपूर केंद्र चालू असायचं. गजानन वाटवे, माणिक वर्मा, सुधीर फडके, लता, आशा. ती स्वतः गायची नाही, फक्त भाकरी थापायचा ठेका बदलायचा. मी तिथेच पाटावर बसून गणितं करायचो. 'ऐकतो आहे' असं मला कधी वाटलंच नाही. माझं खरं ऐकणं बुधवारी रात्री, सिलोनवर, बिनाका गीतमाला आणि अमीन सयानी.

सिलोनची गोष्टही सांगण्यासारखी आहे. 1952 मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. हा मराठी माणूस शास्त्रीय संगीताचा मोठा कैवारी होता, आणि सिनेमाची गाणी त्यांना उथळ वाटत. आकाशवाणीवरून हिंदी सिनेगीतं जवळजवळ हद्दपार झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली आणि सारा देश काटा फिरवून कोलंबोला गेला. शेवटी 3 ऑक्टोबर 1957 ला आकाशवाणीला विविध भारती काढावी लागली. बँकेच्या भाषेत सांगायचं तर ठेवीदार समोरच्या बँकेत गेल्यावर आपला काउंटर उघडला! पण केसकरांना नुसती नावं ठेवून चालणार नाही. त्या वर्षांत आकाशवाणीने सिनेमाबाहेरच्या सुगम संगीताला जागा दिली, आणि मराठी भावगीताला त्याचा फायदा झाला. 1 एप्रिल 1955 ला रामनवमीच्या दिवशी पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं. माडगूळकरांची छप्पन्न गाणी, फडक्यांच्या चाली, दर आठवड्याला एक नवं गाणं. तोही त्याच काळाचा उपक्रम.

आता जे सांगायचं ते जरा अवघड आहे.

1976 मध्ये मी अकरावीत होतो. आपल्याकडे तेव्हा अकरावीच बोर्डाची असे. शाळा सौंसरला, सायकलने जाणं-येणं, माध्यम हिंदी, मित्रही बहुतेक हिंदी बोलणारे. एकदा दोन मित्र घरी आले. स्वयंपाकघरात आईचं भावगीत चालू होतं. त्यातला एक हसून म्हणाला, "तुम्हारे यहाँ दिन भर यही रोना-धोना चलता है क्या?" दुसराही हसला, आणि मीही हसलो. ते गेल्यावर मी आत जाऊन आईला म्हटलं, "ते बंद करत जा. माझा अभ्यास होत नाही." अभ्यासाचा काही संबंध नव्हता. तिचे हात पिठाचे होते. तिने मनगटाने बटण फिरवून रेडिओ बंद केला. काही बोलली नाही. त्यानंतर माझी सायकल दारात वाजली की रेडिओ बंद व्हायचा. मी एवढंच म्हटलं होतं, आणि तिने ते कायमचं धरलं.

पुढे बी.कॉम. छिंदवाड्याला, मग नोकरीच्या परीक्षा. त्या पाच-सहा वर्षांत माझं सगळंच ऐकणं सुटलं. आधी मराठी सुटली, मग अभ्यासापायी सिलोनही सुटलं. गाणं म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असं मी स्वतःला पटवून घेतलं होतं. 1982 मध्ये बँकेत लागलो आणि पहिली नेमणूक मिळाली शहडोल जिल्ह्यातल्या एका लहान गावी. शाखेत आम्ही पाच जण. मराठीचा एक शब्द बोलायला माणूस नाही. पोस्टकार्डावर आईला लिहायचो तेवढीच मराठी.

पहिल्या पगारातून एक लहान ट्रान्झिस्टर घेतला, तो बातम्यांसाठी. 1983 च्या जानेवारीतली गोष्ट. वर्षअखेरीच्या व्याजाची आकडेमोड जुळता जुळत नव्हती, रात्री साडेनऊला खोलीवर आलो. सहज काटा फिरवला, तर खरखरीतून एक बाईचा आवाज आला. गाणं मराठी होतं. आवाज मोठा होई, मग बुडून जाई, पुन्हा वर येई. अंतऱ्याच्या मधोमध तो पार बुडाला आणि मी उरलेली ओळ मोठ्याने म्हणून टाकली. मग दुसरा अंतरा, तोही मला येत होता. थंडीत कांबळं गुंडाळून बसलेला मी, बँकेचा क्लार्क, भिंतीकडे बघून भावगीत म्हणत होतो. गाणं संपल्यावर निवेदिकेने सांगितलं, आकाशवाणी नागपूर.

दिवसा तिथे नागपूर कधीच लागत नसे. याचं कारण मी नंतर वाचलं. मीडियम वेव्हच्या लहरी दिवसा जमिनीलगत जातात आणि हळूहळू विरतात. ज्या वर आकाशात जातात त्यांना उन्हामुळे विद्युतभारित झालेला वातावरणाचा एक खालचा थर गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो थर नाहीसा होतो. मग लहरी आणखी वरच्या थरापर्यंत पोचतात, तिथून आरशासारख्या परततात आणि शेकडो किलोमीटर लांब उतरतात. वरचे थर सारखे हलत असतात, म्हणून आवाज चढतो-उतरतो. म्हणजे बोरगावला जे नागपूर सरळ रस्त्याने यायचं, ते शहडोलकडे आकाशातून वळसा घेऊन आलं होतं.

पण मला ते पाठ कसं होतं, हे काही त्याने कळत नाही. त्याचं उत्तर माणसाच्या आठवणींच्या अभ्यासात आहे.

मानसशास्त्रज्ञांना बऱ्याच वर्षांपासून एक गोष्ट माहीत आहे. म्हाताऱ्या माणसाला आयुष्यातल्या आठवणी विचारल्या तर त्या सगळ्या वयांत सारख्या वाटलेल्या नसतात. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी ढिगाने निघतात. आलेख काढला तर तिथे उंचवटा दिसतो. गाण्यांच्या बाबतीत तो फार ठळक असतो. म्हणून प्रत्येक पिढी छातीठोकपणे सांगते की खरी गाणी आमच्याच वेळची. मी सांगतो, माझा मुलगाही सांगतो.

2013 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या कॅरल क्रमहान्सल आणि त्यांचे सहकारी जस्टिन झुपनिक यांनी एक वेगळा प्रयोग प्रसिद्ध केला. विशीतल्या साठेक विद्यार्थ्यांना 1955 ते 2009 पर्यंतच्या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांचे तुकडे ऐकवले आणि विचारलं, कुठलं ओळखता, कुठल्याशी आठवणी जोडलेल्या आहेत, कुठलं आवडतं? मुलांना स्वतःच्या काळातली गाणी जवळची वाटली, त्यात नवल नाही. पण आलेखात आणखी एक उंचवटा निघाला, 1980 च्या आसपासच्या गाण्यांचा. तेव्हा ही मुलं जन्मलीही नव्हती, त्यांचे आईवडील विशीत होते. साठीच्या दशकातल्या गाण्यांचाही एक लहान उंचवटा होता. तो कदाचित आजी-आजोबांमुळे असेल, कदाचित ती गाणीच चांगली असतील. अभ्यासकांनी दोन्ही शक्यता मांडल्या आहेत.

हे वाचलं तेव्हा मला आईची भाकरीची थाप ऐकू आली. घरात मोठी माणसं आपापल्या तरुणपणची गाणी लावतात, पोर जवळपास खेळत असतं, आणि त्याच्या खात्यात न सांगता जमा होत राहते. त्या खात्याचं पासबुक त्याच्याकडे नसतं. विशीत घराबाहेर पडल्यावर, एकटं असताना, कधीतरी ते अचानक हाती लागतं. अमेरिकेतल्या मुलांना गाणी ऐकवली होती प्रयोगशाळेत, मला ऐकवली नागपूर केंद्राने आणि आमच्या गल्लीतल्या मुलाला टपरीवाल्याने, फरक एवढाच. बरं, विशीच का? माझा अंदाज असा की चौदा-पंधराव्या वर्षी आपण मित्रांसाठी ऐकतो. कुठलं गाणं आवडतं यावरून आपण कोणत्या टोळीतले ते ठरतं. पहिल्या नोकरीच्या गावी टोळीच नसते, मग हसणारंही कोणी नसतं.

आपल्या मध्य प्रदेशातल्या मराठी माणसांत याचं मोठं उदाहरण अरुण दाते यांचं. जन्म 1934 चा, इंदूरचा. वडील रामूभैया दाते म्हणजे गाण्याच्या मैफलींतलं दर्दी म्हणून गाजलेलं नाव. घरी मोठमोठे गवई येत, मराठी कानावर होतीच. पण तरुणपणी अरुण दाते गायचे ते उर्दू गझला. शिक्षण आणि पुढे नोकरी कापड तंत्रज्ञानातली. श्रीनिवास खळे मराठी भावगीत घेऊन मागे लागले तेव्हा ते टाळत होते, आपण इंदूरचे, आपले मराठी उच्चार नीट येतील का, असा त्यांना संकोच होता, असं सांगतात. तो संकोच आपल्या भागातल्या कोणाला समजावून सांगायला नको! शेवटी 1962 च्या सुमारास, अठ्ठावीस वर्षांच्या वयात, सुधा मल्होत्रा यांच्याबरोबर त्यांनी मंगेश पाडगावकरांचं 'शुक्रतारा' गायलं. पुढे त्याच नावाने त्यांचे कार्यक्रम आयुष्यभर गावोगाव झाले. आणि लताबाईंचा जन्मही इंदूरचाच, 1929 चा. हे मी दरवर्षी नागपूरच्या पाहुण्यांना ऐकवतो.

तर शहडोलकडे परत. नागपूर रोज नीट लागत नसे, म्हणून मी कॅसेटींकडे वळलो. फिलिप्स कंपनीने ही लहान कॅसेट 1963 मध्ये आणली होती, पण आपल्या हाती ती आली सत्तरीच्या शेवटी आणि ऐंशीच्या दशकात, आणि आली ती पुरासारखी. पूर्वी घरी गाणं हवं तर ग्रामोफोन, तबकड्या, म्हणजे श्रीमंतांचं काम. आता रेल्वे स्टेशनच्या बाहेरही दुकान आणि दुकानात 'यादी द्या, भरून देतो' अशी पाटी. कोरी कॅसेट साठ मिनिटांची किंवा नव्वद मिनिटांची. नव्वदवाली निम्म्याच वेळा अडकायची, कारण तिची फीत जास्त पातळ. आज ते सगळं कायद्याने चूक ठरेल, तेव्हाही ठरतच होतं, पण आम्ही विचारलं नाही. मराठी मात्र तिथे मिळेना. ती मी नागपूरला सीताबर्डीवर घ्यायचो, सुट्टीत घरी येताना.

तिथेच दुकानदाराने मला 'जैत रे जैत' ऐकवलं. जब्बार पटेलांचा 1977 चा चित्रपट, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत, ना. धों. महानोरांची गाणी. मी थक्क झालो. म्हणजे मी ज्याला आईच्या जमान्याचं रडगाणं म्हणून सोडून दिलं होतं, ते मधल्या काळात थांबलेलं नव्हतं. महानोर स्वतः शेतकरी, त्यांच्या शब्दांना आमच्या वावराचा वास होता. पाठोपाठ 1982 चा 'उंबरठा' आला, त्यात सुरेश भट. अमरावतीचा माणूस, आपल्याच वऱ्हाडचा, आणि मराठीत गझल अशी चालवतो की उर्दूवाल्यांनी मान डोलवावी. त्यांचा 'एल्गार' 1983 मध्ये निघाला, तो मी पगाराच्या दिवशी घेतला. त्या काळात जे ऐकलं त्यात निम्मं सापडलेलं होतं आणि निम्मं अगदी नवं. जुन्याने दार उघडलं नसतं तर नव्याकडे मी गेलो नसतो.

1983 च्या दिवाळीला नागपूरहून छोट्या गाडीने सौंसरला उतरलो. ती नॅरो गेज आता राहिली नाही, तिच्या जागी मोठी लाइन आली. पिशवीत एक टेपरेकॉर्डर आणि पाच कॅसेटी. घरी आलो तर नेहमीप्रमाणे मी दारात येताच रेडिओ बंद झाला. सात वर्षं झाली होती. मी काही न बोलता टेपरेकॉर्डर स्वयंपाकघरात ठेवला आणि माणिक वर्मांची कॅसेट लावली. आई चुलीपाशी होती. तिने वळून एकदा टेपकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. एक गाणं पूर्ण झालं, दुसरं लागलं. मग म्हणाली, "बंद कर आता. सेल सरून जातीन." मी म्हटलं, सरू दे, आणखी आणले आहेत. त्यावर ती काही बोलली नाही, पण भाकरीचा ठेका बदलला होता.

माफी वगैरे मी मागितली नाही. आमच्या पिढीत मुलं आईची माफी मागत नसत. पुढच्या चोवीस वर्षांत, ती असेपर्यंत, दर सुट्टीत दोन कॅसेटी न्यायच्या एवढं मात्र मी पाळलं. माझ्या कपाटात आज शंभराच्या वर कॅसेटी आहेत, त्यातल्या बऱ्याच तिच्यासाठी घेतलेल्या.

एक गोष्ट मला अलीकडे खटकते. त्या मुलाच्या आजोबांचा टेप बैठकीत होता, अख्ख्या घराला ऐकू जायचा, म्हणून दार आपटणाऱ्या नातवाच्याही कानात काही शिरलंच. आता घरात चार माणसं आणि चौघांच्या कानात चार वेगळे इअरफोन. मी स्वतः सकाळी फिरताना तेच करतो. प्रत्येकाला हवं ते मिळतं, कोणाची कटकट नाही, पण दुसऱ्याचं गाणं कानावर पडणं बंद झालं. माझी नात सहा वर्षांची आहे, बंगलोरला असते. ती आली की मी इअरफोन काढतो आणि फोन स्वयंपाकघरातल्या फडताळावर ठेवून मोठ्याने लावतो. ती वैतागते. वैतागू दे.

तर तो मुलगा कोजागिरीच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी घरी आला. माझा टेपरेकॉर्डर चालेना, त्याचा पट्टा सैल झाला होता. त्याने फोनवर काहीतरी पाहून रबराच्या बांगडीसारखा एक तुकडा कापून बसवला, आणि ते फिरायला लागलं. कॅसेटची फीत ढिली होती, ती पेन्सिल घालून कशी गुंडाळायची हे मी त्याला दाखवलं. त्याला त्याचीच सगळ्यात गंमत वाटली. पहिली बाजू आम्ही पूर्ण ऐकली. मध्ये एक गाणं लागलं तेव्हा तो म्हणाला, "हे आजोबांचं." आवरणावरच्या यादीत त्या गाण्यापुढे मी गायकाचं नाव लिहिलेलं नव्हतं, ते त्याने पेनाने लिहिलं. दुसरी बाजू राहिली आहे. तो आता पोळ्याला येतो म्हणाला आहे.